आवाज कुठनं येतोय

आबा गाडीत बसले की आधी काच खाली करतात. एसी चालू असू दे, भुरभुर पाऊस असू दे, गाडी गेटमधनं बाहेर पडून कोपऱ्यावरचा पहिला स्पीड ब्रेकर ओलांडेपर्यंत त्यांच्या बाजूची काच चार बोटं तरी खालीच असते. मान जराशी डावीकडं कलती करून ते ऐकत असतात. २०१८पासनं त्यांनी स्टिअरिंग हातात घेतलेलं नाही, काचबिंदूनं आधी कडेची नजर नेली मग मधलीपण धूसर करत आणली, आणि काचबिंदूत गेलेली नजर परत मिळत नाही, जेवढी उरलीय तेवढी धरून ठेवायची असते हे आम्हाला फार उशिरा कळलं. पण कान शाबूत आहेत. बत्तीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लोखंड कातायच्या लेथवर उभा राहिलेला माणूस, चालू मशिनीच्या गोंगाटातसुद्धा शेजारच्या लेथचा टूल बोथट झालाय हे ज्याला आवाजावरनं कळायचं, त्याला गाडीचं काय कळणार नाही.

गाडी म्हणजे मारुतीची डिझायर, डिझेल, २०१२ची. आम्ही ती २०१६ साली सेकंड हँड घेतली तेव्हा मीटरवर १,१२,००० होते, आज २,८७,०००च्या वर गेलेत. माझी नोकरी इचलकरंजीला, रोजचे जाऊन-येऊन साठेक किलोमीटर, शिवाय महिन्यातनं दोनदा गावाकडं, साळवणच्या पुढं, आणि मे महिन्यात किंवा गणपतीत घाट उतरून आत्याकडं तळेऱ्याला. आमच्या घरातली सगळी लग्नं, दवाखाने, मुलाची दहावीची परीक्षा, आंब्याच्या पेट्या, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन सगळं ह्या गाडीतनं झालंय.

घेताना आबांना अजून बऱ्यापैकी दिसत होतं. चार-पाच गाड्या बघितल्या. एका गाडीवर ५८,००० किलोमीटर दाखवत होते आणि क्लचच्या पॅडलचं रबर झिजून गुळगुळीत, स्टिअरिंगचं कातडं टकलं पडलेलं, ड्रायव्हरची सीट एका बाजूला बसलेली. आबांनी मालकाला काही म्हटलं नाही, नुसतं मला म्हणाले, "चल पोरी, मीटर मागं मारलंय." आम्ही घेतली ती गाडी औषधकंपनीत फिरतीवर असणाऱ्या एका गृहस्थांची होती. चार वर्षांत एक लाख बारा हजार म्हटल्यावर सगळ्यांनी आम्हाला वेड्यात काढलं, पण त्यांनी मीटर जसं होतं तसं ठेवलं होतं आणि एका कापडी पिशवीत पहिल्या सर्व्हिसपासनंची सगळी बिलं दिली. ती बिलं मी रात्री जेवणं झाल्यावर आबांना एकेक करून वाचून दाखवली. दर दहा हजाराला ऑइल, एकही चुकवलेलं नाही. आबा म्हणाले, हायवेवर सरळ पळालेले लाख किलोमीटर परवडले, गावातनं थांबत-थांबत झालेले चाळीस हजार नकोत. आणि ते खरं आहे, गरम इंजिन एका लयीत चाललं की कमी झिजतं, रोज थंडं चालू करून दोन किलोमीटरवर बंद केलं की ऑइलला नीट तापायलाच मिळत नाही.

वही त्याच आठवड्यात सुरू झाली. दोनशे पानी, रेघांची, पहिल्या पानावर आबांच्या हातचा इंजिन नंबर आणि चासी नंबर. आधी ते लिहायचे, आता मी लिहिते. तारीख, मीटर, काय केलं, किती पैसे, कुणी केलं. डिझेल भरलं तरी नोंद, त्यावरनं ॲव्हरेज काढायचं. कंपनीनं ह्या गाडीचं ॲव्हरेज लिटरला २३.४ सांगितलं होतं, आम्हाला हायवेला एकवीस-बावीस पडत आलंय आणि ते ज्या महिन्यात एकोणिसावर आलं त्या महिन्यात गाडीत काहीतरी होतं, प्रत्येक वेळी. एकदा ब्रेक धरून राहिला होता, एकदा एअर फिल्टर चोंदला होता, आणि एकदा जे होतं ते पुढं सांगते.

आमच्या घरात डिझेल इंजिन ही नवीन गोष्ट नव्हे. आजोबांच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचं ऑइल इंजिन होतं, दोन मोठी फ्लायव्हील असलेलं, हँडल मारून चालू करायचं. मी लहान असताना ते जवळजवळ बंदच झालं होतं कारण वीज आली होती, पण वीज गेली की आजोबा त्याच्याकडंच वळायचे. एका हातानं वरची लिव्हर उचलून धरायची, म्हणजे सिलिंडरमधली हवा सुटत राहते आणि हँडल हलकं फिरतं, मग वेग आला की लिव्हर सोडायची, हवा कोंडते, दाबली जाते, दाबल्यानं तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल उडालं की आपोआप पेट घेतं. सायकलला हवा भरताना पंपाचं टोक हाताला चटका देतं, तेच. पेट्रोलसारखी ठिणगी नाही. थंडीत कधीकधी आजोबा हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरायचे, आता तेच काम गाडीत ग्लो प्लग करतात, आपल्याला नुसता डॅशबोर्डवरचा वेटोळ्याचा दिवा दिसतो. १८९७ साली जर्मनीत ऑग्सबर्गला रुडॉल्फ डिझेलचं पहिलं इंजिन नीट चाललं, तेव्हापासनं आजपर्यंत मूळ गोष्ट बदललेली नाही. आबा मला लहानपणी विहिरीच्या काठावर बसवून सांगायचे, ठोका मोज. टुक, टुक, टुक, टुक. एखादा ठोका लंगडा पडला की आजोबा नांगर सोडून इंजिनाकडं यायचे.

कोल्हापूरला राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. आमच्या उद्यमनगरात जुन्या पिढीतले कारागीर म्हादबा मेस्त्री ह्यांचं नाव अजून आदरानं घेतात. शाळा फारशी न शिकलेल्या माणसांनी इथं ओतकाम केलं, लेथ फिरवले, इंजिनं घडवली आणि आसपासच्या उसाला पाणी पोचलं. आबा ज्या वर्कशॉपमध्ये होते तिथं ऑइल इंजिनाचे लायनर आणि व्हॉल्व्ह गाईड व्हायचे. म्हणून आमच्या घरात 'मेस्त्री' हा शब्द मास्तर किंवा डॉक्टर म्हणावा तसा म्हटला जातो.

तर डिझायरचं इंजिन. हे मुळात मारुतीचं नव्हे. फियाटनं २००३ साली काढलेलं १.३ मल्टिजेट, १२४८ सीसी, चार सिलिंडर, आपल्याकडं ते किती गाड्यांत बसलं बघा, स्विफ्ट, रिट्झ, अर्टिगा, टाटाची व्हिस्टा आणि मांझा, फियाटची स्वतःची पुंटो आणि लिनिया, शेवरोलेची सेल. मारुतीसाठी मानेसरला व्हायचं आणि इथं आपल्या पुण्याजवळ रांजणगावला फियाटच्या कारखान्यातपण व्हायचं. त्यामुळं गावोगावच्या मेस्त्र्यांना ते पाठ झालं. मल्टिजेट म्हणजे इंजेक्टरनं, डिझेल फवारणाऱ्या तोटीनं, एका ठोक्याला डिझेल एकदम न टाकता थोडंथोडं, आधी चिमूटभर, मग मुख्य, असं टाकायचं, म्हणजे धडधड कमी होते. त्यासाठी डिझेल १४००-१६०० बारच्या दाबानं कॉमन रेलमध्ये, म्हणजे चारही सिलिंडरच्या सामाईक नळीत, कोंडून ठेवलेलं असतं, आपल्या टायरमधली हवा सव्वादोन बारच्या आसपास असते त्यावरनं अंदाज करा. मेस्त्री मला पहिल्यांदाच म्हणाले होते, ताई, चालू इंजिनाचा हा पाइप कधी ढिला करायचा नाही, ह्यातनं जी धार निघते ती कातडीतनं आत जाते.

त्याच दाबामुळं ही इंजिनं डिझेलच्या बाबतीत नाजूक आहेत. आजोबांच्या इंजिनात कापडातनं गाळलेलं डिझेल चालायचं. ह्यात पाण्याचा थेंबसुद्धा चालत नाही. आम्ही पंप बदलत नाही, शक्यतो एकाच पंपावर भरतो, पावसाळ्याच्या तोंडाला आणि पावसाळा संपल्यावर डिझेल फिल्टरच्या खालचा स्क्रू सोडून पाणी काढतो आणि फिल्टर दर दुसऱ्या सर्व्हिसला बदलतो, ओरिजिनलच. डुप्लिकेट फिल्टर दिसायला डिट्टो असतो, खोकंपण तसंच, पण एकदा मेस्त्रींनी दोन्ही फिल्टर कापून आतला कागद उलगडून शेजारी-शेजारी पसरून दाखवला. एकाचा कागद दुसऱ्याच्या निम्म्यानंपण नव्हता. त्यानंतर फिल्टर आणि ऑइल ह्यात घासाघीस करायची नाही असं मी वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय.

आता ते ॲव्हरेज एकोणिसावर आलेलं प्रकरण. २०२२चा डिसेंबर, मीटर २,२८,०००. गाडी चढाला दमायला लागली, सकाळी चालू करताना डिझेल अर्धवट जळाल्यासारखा वास आत यायचा, आईला मळमळायचं. मी एका मोठ्या वर्कशॉपला दाखवली. त्यांनी दोन दिवस ठेवून घेतली आणि सांगितलं, चारही इंजेक्टर गेलेत, टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, तोपण बघावा लागेल, एवढं चाललेल्या गाडीवर एवढा खर्च करण्यात अर्थ नाही, काढून टाका. एस्टिमेट लाखाच्या वरचं. हे सगळं त्यांनी माझ्या नवऱ्याकडं बघून सांगितलं. गाडी मी चालवते, मी आणली, वही माझ्या हातात होती, प्रश्न मी विचारत होते आणि उत्तरं शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मिळत होती. हा अनुभव गाडी चालवणाऱ्या बहुतेक बायकांना आहे, आणि ह्यात मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो तर माझ्याकडं असलेली माहिती वाया जाते ह्याचा. आवाज कधी सुरू झाला, थंड असताना होतो का गरम असताना, चढाला का उताराला, हे ड्रायव्हरलाच माहीत असतं. आजाऱ्याला न विचारता नातेवाइकाला विचारण्यासारखं आहे ते.

गाडी घरी आणली. आबा म्हणाले, बॉनेट उघड आणि चालू कर. ते गाडीच्या नाकासमोर दोन्ही हात कमरेवर मागं बांधून उभे राहिले, डोळे मिटून. मी म्हटलं रेस देऊ का, तर हातानं नको म्हणाले. दोन-तीन मिनिटं गेली असतील.

"पोरी, ठोका चुकत न्हाई. पण कुठंतरी हवा निसटतीया. चफ, चफ, चफ. ऐक की."

मी ऐकलं. मला आधी नुसता इंजिनाचा एकसारखा आवाज येत होता. मग त्यांनी माझा हात धरून माझ्या मनगटावर बोटानं तो ताल धरला आणि त्या तालावर कान लावल्यावर खाली दबलेला तो चफ-चफ मलापण आला, आणि एकदा आल्यावर तो जाईना. विहिरीवरच्या इंजिनाच्या हेडचा, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचा, गॅस्केट गेला की असाच आवाज यायचा म्हणे.

दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या मेस्त्रींकडं. त्यांनी इंजिनावरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं, आणि तीन नंबरच्या इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा घट्ट लगदा. प्रत्येक इंजेक्टरच्या खाली एक तांब्याचा वायसर असतो, तो सिलिंडरमधला दाब आतच अडवतो. तो बसला, कडक झाला, की पेटलेली हवा तिथनं वर निसटते आणि बरोबर काजळी आणते, ती साचून साचून डांबर होतं, तोच वास आत येतो. मेस्त्रींनी आधी चारही इंजेक्टरची रिटर्न बघितली, म्हणजे जे डिझेल न वापरता टाकीकडं परत जातं त्याच्या चार नळ्या चार बाटल्यांत सोडायच्या आणि कुठल्या बाटलीत जास्त भरतंय बघायचं. चारही जवळजवळ सारख्या. इंजेक्टर चांगले होते.

पण तीन नंबर निघायला तयार नव्हता. त्या लगद्यानं तो हेडमध्ये चिकटून बसला होता. जोर लावून ओढला तर मोडतो, आणि मोडला तर हेड खोलावं लागतं, मग खरंच लाखाचं काम. मेस्त्रींनी त्याच्या भोवती गंज सोडवणारं तेल ओतलं आणि गाडी तशीच ठेवली. संध्याकाळी परत तेल. दुसऱ्या दिवशी सकाळी पाना लावून केसभर डावीकडं, केसभर उजवीकडं, परत तेल, परत डावीकडं. मी ऑफिसला रजा टाकली होती, आबा स्टुलावर बसून होते. दोघांमधलं बोलणं सगळं मिळून दहा वाक्यं झाली असतील. "आला का?" "हलतोय." "दमानं." दुपारी पुलर लावला आणि तो 'टक्' करून निघाला. मेस्त्रींनी तो डिझेलनं धुऊन आबांच्या हातात दिला. आबांनी अंगठ्याच्या नखानं त्याच्या बुडाचा फेस, म्हणजे सपाट तोंड, चाचपलं, गोल फिरवून, दोनदा. "फेस बरा हाय," म्हणाले, "सीट बघा तेवढी." लेथवरच्या माणसाचं नख हे मोजमापाचं साधन असतं, इंचाच्या हजाराव्या भागाला ते थाऊ म्हणतात आणि दोन-तीन थाऊचा खड्डा नखाला लागतो. मेस्त्रींनी हेडमधली सीट, म्हणजे इंजेक्टर टेकतो ती जागा, हातानं कटर फिरवून साफ केली, आत एक कणपण पडू नये म्हणून कटरला ग्रीस लावून, मग नवे तांब्याचे वायसर चारही ठिकाणी, नवे बोल्ट, आणि टॉर्क पान्यानं मोजून घट्ट केलं.

वहीत नोंद आहे: चार वायसर, चार बोल्ट, मजुरी मिळून ३,४५०. पुढच्या महिन्याचं ॲव्हरेज २१.६.

ह्याचा अर्थ मोठी वर्कशॉप वाईट आणि गल्लीतले मेस्त्री चांगले असा मी लावत नाही. गल्लीतसुद्धा आम्हाला चुकीचं काम मिळालंय, एका ठिकाणी चाकाचा बेअरिंग म्हणून उजवा बदलला आणि आवाज तसाच, कारण खराब होता डावा. ते ओळखायची साधी रीत आहे, घूं असा आवाज येत असेल तर रिकाम्या रस्त्यावर गाडी हलकी उजवीकडं वळवायची, भार डाव्या चाकांवर जातो, आवाज वाढला तर डावा. ही रीत मला आता माहीत आहे, तेव्हा नव्हती. फरक पडतो तो बघणाऱ्याला वेळ आहे का नाही ह्यानं. आमच्या मेस्त्रींकडं एका वेळी तीन गाड्या असतात, चौथी ते घेत नाहीत, उद्या या म्हणतात. आणि ते आधी ऐकून घेतात.

साखळीचं काम त्याच्या आधीचं, २,१०,०००ला. व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवायला ह्या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, आणि चेन जन्मभर टिकते असं विकताना सांगतात. टिकते, पण ऑइलवर. चेनला ताण देणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो, इंजिनात ऑइल मावतं तीन लिटरच्या थोडं वर, त्यातलं लिटरभर कमी झालं आणि मालकानं डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी सळई, बघितलीच नाही तर चेन कोरडी मार खाते. सकाळी पहिल्यांदा चालू करताना दोन-तीन सेकंद पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा खळखळाट झाला की समजायचं. आबांनी ते मला महिनाभर आधी सांगितलं होतं, मी परीक्षा, पाहुणे, हे-ते करत पुढं ढकललं, आणि मग ज्या दिवशी खोललं त्या दिवशी चेनला आधार देणाऱ्या गाईडचं प्लॅस्टिक कडेनं तुटायला आलेलं. चेन एक दात जरी सरकली असती तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळले असते. ती तुटकी गाईड मी टाकून दिली नाही, घरी फडताळात आहे. तेव्हापासनं दर रविवारी सकाळी थंड इंजिनाची डिपस्टिक, चुकवत नाही. मुलगा बघतो, आणि आबांना येऊन सांगतो, दोन खुणांच्या मध्ये, वरच्या बाजूला.

घाटाचं एक सांगते. करूळ घाट उतरताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर ठेवायची, न्यूट्रल कधीच नाही, डिझेल वाचत नाही आणि ब्रेक तापतात, आधुनिक इंजिन ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये उताराला असताना डिझेल टाकतच नाही. आणि चढून वर गगनबावड्याला आलं, चहाला थांबलं, की लगेच चावी फिरवायची नाही. टर्बो मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेत असतो, त्याच्या बेअरिंगला फक्त ऑइलच थंड करतं, इंजिन बंद केलं की ऑइल थांबतं आणि तापलेल्या जागी करपतं. म्हणून एक मिनिट गाडी नुसती चालू ठेवायची. आम्ही सगळे सीटवर बसून राहतो, आबा मनात साठ मोजतात, ओठ हलतात तेवढे दिसतात. बाहेर धुकं, भज्यांचा वास, मुलगा दाराच्या हँडलवर हात ठेवून बसलेला. "हं," म्हटले की बंद. एवढ्या वर्षांत टर्बोला हात लावावा लागलेला नाही.

२०१९च्या पुरात गाडी वाचली ती शेजारच्या काकूंमुळं, त्यांनी रात्री अकराला दार वाजवलं. राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटाला इशारा आणि ४३ला धोका हे आम्हा सगळ्यांना पाठ असतं, त्या वर्षी पंचगंगा ५५च्या वर गेली, शिरोलीजवळ हायवे कितीतरी दिवस पाण्याखाली होता. आम्ही रात्रीच गाडी टेंबलाईच्या बाजूला उंचावर नातेवाइकांच्या अंगणात नेऊन लावली. आमच्या गल्लीतल्या गाड्या बोनेटपर्यंत बुडाल्या. पाणी ओसरल्यावर एकांनी, चालू होते का बघूया म्हणून, चावी मारली. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, वर येणारा पिस्टन पाण्यावर आपटला आणि कनेक्टिंग रॉड वाकला. चावी मारली नसती तर ऑइल-फिल्टर बदलून, इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढून, बऱ्याच गाड्या वाचल्या असत्या. आबांना तेव्हा नीट दिसत नव्हतं तरी ते गल्लीत दारोदार फिरून सांगत होते, चावी लावू नका, बॅटरीची वायर काढा, मेस्त्री येऊ दे. काहींनी ऐकलं. पुरातल्या गाड्या नंतर धुऊन-पुसून बाजारात येतात, सेकंड हँड घेणाऱ्यानं सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटचं टोक बघावं, चिखलाची रेघ तिथं राहते.

आता पैशाचं. ऑइल, फिल्टर, क्लच, चेन, सस्पेन्शनचं काम दोनदा, एसीचा कंप्रेसर, अल्टरनेटर, रेडिएटर, टायर आणि बॅटरी सोडून सगळं मिळून आतापर्यंत ३,१८,०००च्या आसपास वहीत आहेत. तेवढ्या काळात नव्या गाडीचे हप्ते किती झाले असते ते ज्यानं-त्यानं मांडावं. २०१२ला पेट्रोल-डिझेलमध्ये लिटरला पंचवीस-तीस रुपयांचा फरक होता म्हणून लोकांनी डिझेल गाड्या घेतल्या, तो फरक आता निम्म्याच्या आसपास आला. १ एप्रिल २०२०ला बीएस सिक्स हे धुराचे कडक नियम आले आणि मारुतीनं डिझेल गाड्या बंद केल्या. म्हणजे आमच्यासारख्या गाड्या आता नवीन यायच्या नाहीत, आहेत त्याच.

आणि एक गोष्ट मला मनापासनं खुपते, ती लपवायची नाही. आमच्या गाडीला धुरातली काजळी अडवणारा फिल्टर नाही, नव्या डिझेल गाड्यांना असतो. जुनी डिझेल गाडी रस्त्यावर ठेवायची तर मागच्या स्कूटरवरच्या बाईच्या तोंडावर काळा धूर सोडायचा हक्क आपल्याला मिळत नाही. म्हणून एअर फिल्टर, इंजेक्टर आणि दर साठ-सत्तर हजाराला ईजीआर व्हॉल्व्ह काढून साफ. ईजीआर म्हणजे थोडा धूर परत इंजिनात फिरवायची व्यवस्था, त्यात काजळी आणि ऑइलची वाफ मिळून शेणासारखा थर बसतो, मग पिकअप जातो आणि काळा धूर येतो. काही जण तो व्हॉल्व्ह पत्रा लावून कायमचा बंदच करून टाकतात, ॲव्हरेज वाढतं म्हणून. आम्हालाही सुचवलं होतं. मेस्त्री म्हणाले, बंद केला तर विषारी वायू वाढतो ताई, धुवायला दोन तास लागतात, धुऊया. पीयूसीच्या वेळी ते स्वतः येतात बरोबर, आकडा बघायला.

२०२७ला पंधरा वर्षं पुरी होतील. मग आरटीओत फिटनेस, पर्यावरण कर, पुन्हा नोंदणी. धूर स्वच्छ निघाला आणि खालचा पत्रा गंजला नसला तर करायची, नाहीतर नाही, असं मी ठरवलंय. आबांशी ह्या विषयावर बोलणं झालेलं नाही. मागच्या महिन्यात मी गाडीच्या खाली पन्नी टाकून, टॉर्च घेऊन झोपले आणि कडेकडेनं स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं पत्रा वाजवत गेले. आबा बाहेर खुर्ची टाकून बसले होते. मी ठोकायची आणि ते सांगायचे, "चांगलं हाय. चांगलं हाय. तितं परत मार. हां, तितं पोकळ हाय." उजव्या मागच्या चाकाच्या पुढं, हाताच्या पंजाएवढी जागा. वरनं रंग शाबूत होता, मला दिसलंच नसतं. तेवढा तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड केला, आत-बाहेर गंजरोधक मारला.

काल वहीत लिहिलं: २,८७,४१२. मागचे ब्रेक शू बदलले, दोन्ही बाजू. ड्रम साफ. हँडब्रेक ॲडजस्ट. १,९००. संध्याकाळी आबांना घेऊन रंकाळ्यापर्यंत फेरी मारली, काच खाली होतीच. येताना पहिल्या स्पीड ब्रेकरवर त्यांनी हात वर केला.

"पुढनं डावीकडनं. बारीक हाय. लिंक रॉड असंल, न्हाईतर वरचा बुश."

मला काही ऐकू आलं नाही. मी गाडी वळवून परत त्याच स्पीड ब्रेकरवरनं नेली, हळू, मग जरा जोरात. तिसऱ्या वेळी आला, टुक, एकदाच. शनिवारी मेस्त्रींना वेळ आहे का विचारलंय.